पात्र, अपात्र

यवतमाळच्या कलेक्टर कचेरीत ‘पात्र’ हा शब्द येता-जाता कानावर पडतो. शेतकऱ्यानं जीव दिला की पोलीस पंचनामा करतात, तलाठी अहवाल देतो, तहसीलदार कागद वर पाठवतो आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती ठरवते, प्रकरण पात्र की अपात्र. सातबारा घरात कुणाच्या नावावर होता का? कर्ज थकलं होतं का? वसुलीचा तगादा होता का? तिन्हींची उत्तरं जुळली तर एक लाख रुपये मिळतात. त्यातले ३० हजार हातात, ७० हजार ठेवीत. सुमारे दोन दशकं झाली, कापसाच्या बियाण्यापासून डिझेलपर्यंत सगळ्याचे भाव चढले, हा आकडा जागचा हलला नाही. शेती मक्त्यानं केलेली असेल, तर बाई अपात्र ठरते. म्हणजे ठरतो तिचा मेलेला नवरा, पण ऐकून घ्यावं लागतं तिला.

नाटकवाल्यांकडेही हाच शब्द आहे. तिथे पात्र म्हणजे रंगमंचावर येणारं माणूस. या दोन्ही अर्थांच्या मधोमध उभी असलेली एक बाई यवतमाळ जिल्ह्यानं पाहिली, आणि तिच्याबद्दल काय म्हणावं हे आपलं अजून ठरलेलं नाही.

वैशाली येडे कळंब तालुक्यातल्या राजूरच्या. २०११ साली त्यांच्या शेतकरी नवऱ्यानं आत्महत्या केली. पदरी दोन लेकरं. अंगणवाडीत काम आणि घरी शिवणकाम, यावर त्यांनी संसार ओढला. पुढे श्याम पेठकर यांनी लिहिलेल्या आणि वर्ध्याच्या हरीश इथापे यांनी बसवलेल्या ‘तेरवं’ या नाटकात त्या उभ्या राहिल्या. तेरवं म्हणजे तेराव्या दिवसाचं जेवण. पाहुणे जेवून निघून जातात आणि बाई एकटी उरते, तिथून पुढची ही गोष्ट. ती सांगणाऱ्या नटी व्यावसायिक नव्हत्या. आत्महत्याग्रस्त घरांतल्याच बायका आणि पोरी होत्या.

मग आलं जानेवारी २०१९. यवतमाळात ९२ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन होतं. १९७३ साली गदिमांच्या अध्यक्षतेखाली याच गावात संमेलन भरलं होतं, त्यानंतर थेट तेव्हाच. उद्घाटनाला इंग्रजीत लिहिणाऱ्या लेखिका नयनतारा सहगल यांना बोलावलं, आणि ऐन वेळी ते आमंत्रण मागे घेतलं. महाराष्ट्रभर गदारोळ उठला, कित्येक लेखकांनी पाठ फिरवली, साहित्य महामंडळाच्या अध्यक्षांनी, श्रीपाद जोशींनी, राजीनामा दिला. रिकाम्या झालेल्या मानाच्या जागी वैशाली येडे यांचं नाव आलं. ११ जानेवारीला अरुणा ढेरे यांच्या अध्यक्षतेखालच्या त्या संमेलनाचं उद्घाटन राजूरच्या अंगणवाडीतल्या बाईंनी केलं. मांडवात काही महिला सहगल यांचे मुखवटे लावून बसल्या होत्या. व्यासपीठावर उघडा चेहरा आणि श्रोत्यांत मुखवटे, असा उलटा देखावा कुठल्या नाटककाराला सुचला नसता. तीन महिन्यांत वैशालीताई प्रहार पक्षाच्या तिकिटावर यवतमाळ-वाशीम लोकसभा मतदारसंघात उभ्या होत्या. लोकवर्गणीवर प्रचार झाला. निवडून आल्या त्या भावना गवळी.

इंग्लंडमध्ये नटाचं चरित्र लिहायचं तर त्याची एक ठरलेली वाट आहे. आधी अभिनयाची शाळा, मग गावोगावच्या नाटक कंपन्या, मग लंडन, मग पडदा, आणि नशीब चांगलं असेल तर राजाकडून ‘सर’. हेन्री आयर्विंगला तो मान १८९५ साली मिळाला, पहिल्याच नटाला. नटांची संघटना इक्विटी १९३० सालची, त्यामुळे नटाला किमान किती द्यायचं यावर तिथे जवळजवळ शंभर वर्षं वाटाघाटी चालत आल्या आहेत. त्या मापानं वैशालीताईंचं रंगभूमीचरित्र चार ओळींत संपतं. एक नाटक, एक मांडव, एक निवडणूक. पण माप तेच धरायचं का, वाद तिथूनच सुरू होतो.

पहिली बाजू अशी. ज्या बाईला सुगडं देताना, हळदीकुंकवाला, वरातीत मागे सारलं जातं, ती रंगमंचावर सगळ्यांत पुढे उभी राहते. गाव तिच्याकडे बघतं आणि दोन तास गप्प बसतं. हे नुसतं होणंच किती मोठं आहे ते शहरातल्या प्रायोगिकवाल्यांना कळायचं नाही. ब्राझीलच्या आउगुस्तो बोआलनं पिचलेल्यांनीच आपलं नाटक करावं, असा मार्ग घालून दिला. बंगालमध्ये १९८५ साली सुरू झालेल्या ‘जन संस्कृती’नं तो खेड्यापाड्यांत नेला. या मार्गात बाई नटी म्हणून किती तयार आहे हा प्रश्नच येत नाही. तिनं बोलायला लागणं, हाच प्रयोग.

शिवाय भाषा. मराठी पडद्यावर वऱ्हाडी आली की पहिल्या वाक्याला हशा पिकायला हवा, असा अलिखित करार झालेला आहे. ‘मले’, ‘तुले’, ‘काऊन बे’ एवढ्यावर विनोद उभा राहतो. या बोलीत माणसं रडतात, कर्ज मागतात, लेकीची पाठवणी करतात, हे पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला कुणी दाखवलंच नाही. वऱ्हाडी बाईनं वऱ्हाडीत, हसू न आणता, आपलं दुःख सांगणं ही म्हणूनच भाषेच्या अंगानंही मोठी गोष्ट आहे. ती शिकून येत नाही. पुण्याच्या नटीनं पंधरा दिवस कळंबला राहून केलेली वऱ्हाडी पहिल्या ‘थे’ला उघडी पडते.

दुसऱ्या बाजूकडे वळायच्या आधी एक सांगतो. काही वर्षांपूर्वी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बचतगटाच्या बायकांनी बसवलेली एक छोटी नाटिका पाहायला गेलो होतो. शाळेच्या वऱ्हांड्याला पडदा लावलेला, मेकअपला वर्गखोली. दारातून आत नजर गेली. फळ्याखाली टेकवलेल्या आरशासमोर एक बाई बसली होती. पहिल्या प्रवेशात नवरा जिवंत होता, म्हणून तिला टिकली लावायची होती. शेजारची पाकीट पुढे धरून होती, लाल, मोठ्या टिकल्यांचं. बाईनं एक काढली, बोटावर घेतली, आणि ती तशीच बोटावर धरून बसून राहिली. बाहेरून कुणीतरी ओरडलं, “लाइट आली वो!” तेव्हा तिनं ती कपाळावर दाबली. दुसऱ्या प्रवेशात ती पुसायची होती, रंगमंचावर, सगळ्यांसमोर. तिनं पुसली. माझ्या मागच्या रांगेतला एक जण शेजाऱ्याला म्हणाला, “हे बाई खरीच हाय म्हन्ते.” दुसरा म्हणाला, “मंग अॅक्टिंग कायची थे?”

त्या प्रश्नापासून माझी सुटका झालेली नाही. मागच्या रांगेतला तो माणूस कुचका नव्हता. त्याला प्रामाणिक शंका आली होती. बाई खरी असेल तर आपण बघतोय ते काय? आणि ती खरी आहे म्हणून आपण जास्त हळहळत असू, तर ती दाद तिच्या कामाला की तिच्या कपाळाला?

अठराव्या शतकात फ्रान्सच्या दिदेरोनं नटाबद्दल उफराटं वाटणारं एक मत मांडलं. जो नट स्वतः कमी हेलावतो तोच प्रेक्षकांना जास्त हलवतो, कारण त्याला उद्याही तोच प्रवेश तसाच करायचा असतो. अंतर हे नटाचं चिलखत आहे. ज्याचं दुःख त्यानंच रोज उगाळायचं तर ते चिलखत राहत नाही. आपल्याकडचा दाखलाच घ्या. १९१९ साली ‘एकच प्याला’ आलं. गडकरी ते बघायला उरले नव्हते, त्याच वर्षी जानेवारीत नागपूरजवळच्या सावनेरला ते गेले. त्यातली सिंधू, नवऱ्यानं उद्ध्वस्त केलेली बायको, बालगंधर्वांनी उभी केली आणि थिएटरं रडली. लुगडं नेसलेला एक पुरुष. त्याला कुणी अनुभव विचारला नाही. त्याच्याकडे कला होती, ती पुरली. त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, जानेवारी २०१९ मध्ये, आपल्याला कलेपेक्षा अनुभवाचं प्रमाणपत्र मोठं वाटू लागलं होतं. सातबारा कुणाच्या नावावर, दुःख कुणाच्या नावावर? प्रेक्षकांची समितीसुद्धा पात्र-अपात्र ठरवायला बसली, म्हणायची.

हे बोचतं, पण यात तथ्य आहे. पडद्यावरून दोन उदाहरणं सांगतो, दोन्ही विदर्भाला जवळची.

चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ला २०१४ च्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यात लोकशाहीर नारायण कांबळे केला तो नागपूरच्या वीरा साथीदार यांनी. व्यवसायानं ते नट नव्हते, चळवळीतले कार्यकर्ते होते. कोविडनं २०२१ च्या एप्रिलमध्ये ते गेले. आणि गटारात उतरून मेलेल्या कामगाराच्या बायकोचं काम केलं उषा बाणे यांनी. त्यांचा स्वतःचा नवराही याच कामात गेला होता. कोर्टात साक्ष देताना त्या जे बोलतात, ते कोरडं, सपाट, कामाला उशीर होतोय अशा चेहऱ्यानं बोलतात. डोळ्यांतून पाणी नाही. दिग्दर्शकानं त्यांच्या दुःखाला हात लावला नाही, त्यांच्या कोरडेपणाला जागा दिली. अनुभव असलेल्या माणसाकडून अभिनय करून घ्यायचा तो असा. त्या प्रवेशाची ताकद बाणेबाईंची जेवढी, तेवढीच कॅमेरा कुठे ठेवायचा हे ठाऊक असलेल्या माणसाची.

दुसरा ‘पीपली लाइव्ह’, २०१०. नुकसानभरपाईसाठी शेतकऱ्यानं मरायचं ठरवणं, ही त्यातली काळी गंमत. नत्था केला ओंकारदास माणिकपुरी यांनी, हबीब तन्वीर यांच्या ‘नया थिएटर’मधले छत्तीसगढी नट. तेव्हा आपल्याकडच्या विदर्भ जनआंदोलन समितीनं या सिनेमावर आक्षेप घेतला होता की हा आमच्या मरणाची थट्टा करतो. आक्षेप समजण्यासारखा होता. तरी मला माणिकपुरी आठवतात ते त्या गप्प, गोंधळलेल्या चेहऱ्यानं. तो चेहरा अनुभवातून आला की तालमीतून, हे सांगता येत नाही, आणि सांगता येत नाही म्हणूनच तो अभिनय.

त्याच ‘नया थिएटर’चे गोविंदराम निर्मलकर. ‘चरणदास चोर’ जगभर गाजवणाऱ्या नटांपैकी एक. २००९ साली पद्मश्री मिळाली आणि शेवटचे दिवस ओढगस्तीत गेले. म्हणजे खेड्यातल्या माणसाला नट म्हणून जगानं मान्य केलं तरी चूल पेटेलच असं नाही. उलट विदर्भाच्या पूर्वेला, वडसा-देसाईगंजच्या झाडीपट्टीत जा. भाऊबीजेनंतर मंडईचा हंगाम सुरू झाला की रात्रभर नाटकं, गावोगाव तंबू, आणि नटाला ठरलेली नाईट. त्या नाटकांना नागपूरचे समीक्षक नाकं मुरडतात. मुरडोत. पण तिथली नटी म्हणजे कामाचे पैसे घेणारी कामगार असते, आणि पुढच्या गावी ती सासू असते, त्याच्या पुढच्या गावी खलनायिका. तिच्या खऱ्या आयुष्याची चौकशी कुणी करत नाही.

आता ‘तेरवं’चा सिनेमाही झाला, २०२४ साली, इथापे यांनीच केला. त्यात संदीप पाठक, किरण खोजे अशी मुरलेली मंडळी आहेत. यावर दोन्हीकडून बोलता येतं. एक म्हणेल, बायकांनी रंगमंचावर जे कमावलं ते पडद्यावर जाताना व्यावसायिकांच्या हाती गेलं. दुसरा म्हणेल, बरंच झालं, सिनेमात एकच दुःख पन्नास वेळा, वेगवेगळ्या कोनांतून, ‘अजून एक टेक’ म्हणत करावं लागतं, ते त्या बायकांकडून करून घेणं म्हणजे क्रौर्य. मी दुसऱ्याच्या बाजूनं थोडा अधिक झुकतो. थोडाच. कारण पडद्यावरचं दुःख तालीम असलेल्या माणसानं केलं की प्रेक्षकही मोकळा होतो. त्याला दया दाखवण्याची सक्ती राहत नाही, तो गोष्ट बघू शकतो.

दयेचं काय होतं ते यवतमाळला चांगलं माहीत आहे. मारेगाव तालुक्यातल्या जळक्याच्या कलावती बांदुरकर, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नी. जुलै २००८ मध्ये, अणुकराराच्या विश्वासदर्शक ठरावावर बोलताना राहुल गांधींनी लोकसभेत त्यांचं नाव घेतलं. देशभरचे कॅमेरे जळक्याला धावले. ऑगस्ट २०२३ मध्ये अविश्वास प्रस्तावावरच्या चर्चेत अमित शाहांनी पुन्हा तेच नाव घेतलं, गांधींनी त्यांचं काय भलं केलं असं विचारत. पंधरा वर्षं, दोन पक्ष, एक बाई. दोन्ही वेळा ती सभागृहात नव्हती. ती पात्र होती, संवाद दुसऱ्यांचे होते.

आणि इथे मला माझ्याच बाजूविरुद्ध बोलावं लागतं. वैशालीताई निदान हजर होत्या. रंगमंचावर, व्यासपीठावर आणि मतपत्रिकेवर त्या स्वतः होत्या, आपल्या तोंडानं बोलत होत्या. संमेलनातलं त्यांचं भाषण ज्यांनी ऐकलं त्यांना आठवत असेल, त्यात पुढच्या जन्मावर हवाला टाकून सुटणाऱ्यांना चपराक होती आणि याच जन्मात लढायची भाषा होती. ते भाषण करायचं बळ कुठून आलं असेल, तर तालमीतून. माईकसमोर कसं उभं राहावं, कुठे थांबावं, लोकांच्या डोळ्यांत कसं पाहावं, हे नाटक शिकवतं. सहगलांच्या जागी त्यांना बसवणाऱ्यांच्या मनात काय असेल ते असो. ऐनवेळी लाज झाकायला गरीब बाई सापडली, असं म्हणणारे तेव्हाही होते, आणि ते सगळेच चूक नव्हते. पण वापरायला आणलेल्या माणसानं मिळालेली वेळ स्वतःसाठी वापरली, हेही त्याच दिवशी घडलं.

मग माझं म्हणणं काय? बायकांनी आपलं दुःख रंगमंचावर करावं की नाही, याचा निवाडा माझ्यासारख्यानं देऊ नये. तो त्यांचा त्यांनी करायचा. आपण विचारायचं ते एवढंच, की पुढची भूमिका कुठली? ज्या बाईला आपण ‘नटी’ म्हणतो तिला विधवेशिवाय दुसरं काम दिलं का? तिला नाईट ठरवली का, की जेवण आणि एसटीचं भाडं देऊन ‘समाजकार्य’ म्हणालो? श्रीराम लागूंनी १९६९ साली डॉक्टरकी सोडून पूर्णवेळ नट व्हायचं ठरवलं तेव्हा कुणी त्यांना म्हणालं नाही की आता तुम्ही फक्त डॉक्टरांच्याच भूमिका करा. पुढच्याच वर्षी ते ‘नटसम्राट’मधले अप्पा बेलवलकर झाले. बाईला मात्र आपण तिच्याच आयुष्यात कोंडून ठेवतो आणि त्याला अस्सल म्हणतो.

यावर नाटकं बसवणारे हसतील, आणि त्यांचं हसू रास्त आहे. जिल्ह्यातली नाटकं पदरमोड करून होतात. राज्य नाट्यस्पर्धेच्या प्राथमिक फेरीत उतरायचं म्हटलं तरी नेपथ्याच्या टेम्पोचं भाडं कुणी भरायचं यावर भांडणं होतात. तिथे कुठली नाईट? आणि विधवांचं नाटक म्हटल्यावर सभागृह भरतं, निधी मिळतो, वर्तमानपत्रात चार कॉलम येतात. त्याच बायकांनी ‘मोरूची मावशी’ करतो म्हटलं तर कोण येईल? हा व्यवहार आहे, तो नाकारून चालत नाही. शिवाय सगळ्याच बायकांना नटी व्हायचं असतं हेही कुणी सांगितलं? एखादीला नाटक हे आपलं गाऱ्हाणं मांडायचं साधन पुरतं. गाऱ्हाणं मांडून झालं की ती अंगणवाडीत परत जाते. तिच्यावर ‘कारकीर्द’ लादणं हाही आपलाच हट्ट.

तरीही विचारावं, एवढंच म्हणतो. कारण विचारलं जात नाही.

त्या शाळेच्या वऱ्हांड्यातली नाटिका संपल्यावर शिरस्त्याप्रमाणे ओळखपरेड झाली. बायका एकेक पुढे येऊन नाव, गाव सांगत होत्या. कुणी हात जोडत होत्या, कुणी डोळे पुसत होत्या, समोरचे टाळ्या वाजवत होते, त्या टाळ्यांत कीव जास्त होती. टिकलीवाली बाई शेवटी आली. तोवर तिनं तोंड धुतलं होतं. सरपंचांनी माईक घेऊन तिला विचारलं, ताई, नाटक करून कसं वाटलं? अशा प्रश्नाचं ठरलेलं उत्तर असतं, मन मोकळं झालं वगैरे. तिनं जरा विचार केला आणि म्हणाली, “पुढच्या बारीले मले सावकार कराचा हाय.”

लोक हसले. बसवणारे मास्तर हसले नाहीत. त्यांनी सामानाची पत्र्याची पेटी उघडली, आत चाचपलं, आणि एक कुरतडलेली मिशी काढून बल्बाखाली धरली.